सेनेका : सत्तेच्या शेजारी बसलेला तत्त्वज्ञ

सध्या तरुणांच्या मोबाइलवर रोमन तत्त्वज्ञांचे सुविचार बरेच फिरताना दिसतात. राग कसा आवरावा, वेळ कसा वाया घालवू नये, संकटात मन स्थिर कसे ठेवावे, अशा आशयाच्या दोन-दोन ओळी स्टेटसला लागतात आणि त्याखाली अनेकदा सेनेका हे नाव असते. आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलामुलींपैकी काहींनी हे नाव ऐकले होते. पण हा माणूस कोण, कुठला आणि तो स्वतः कसा जगला, हे कोणालाच सांगता येईना.

कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मान्य करू नका, स्वतः तपासून पाहा, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण सगळेच सांगतो. मग ती या रोमन सुविचारांनाही लावली पाहिजे. विचार तपासायचा तर तो मांडणाऱ्याचे जगणेही समोर ठेवावे लागते. सेनेकाच्या बाबतीत तर ते फारच आवश्यक आहे, कारण हा माणूस नीतीवर लिहीत होता आणि त्याच वेळी जगातल्या सर्वांत बलाढ्य सम्राटाचा सल्लागार होता.

आज चळवळीतल्या कार्यकर्त्यांना पक्षाकडून निरोप येतात. पद घ्या, समितीवर या, आमच्यात राहून समाजाचे काम करा. जावे की न जावे, यावर घराघरात आणि विहाराविहारात वाद होतात. या वादाला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक उदाहरण आहे, ते म्हणजे सेनेकाचे आयुष्य.

कोर्दोबाचा आजारी मुलगा

लुसियस अ‍ॅनियस सेनेकाचा जन्म इ. स. पूर्व ४ च्या सुमारास आजच्या स्पेनमधील कोर्दोबा येथे झाला. त्या वेळी तो भाग रोमन साम्राज्याचा प्रांत होता. वडील वक्तृत्वशास्त्राचे जाणकार, आई हेल्व्हिया. घराणे श्रीमंत होते, पण राजधानीतल्या जुन्या सरदार घराण्यांत त्याची गणना नव्हती. लहानपणीच मावशीने त्याला रोमला आणले. त्याची प्रकृती नाजूक होती, दम लागण्याचा विकार जन्मभर राहिला. तरुणपणी आजाराला कंटाळून त्याच्या मनात जीव देण्याचा विचार आला होता. म्हाताऱ्या वडिलांना हे सोसणार नाही, या एका विचाराने तो थांबला, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

रोममध्ये तो स्टोइक पंथाच्या आचार्यांकडे शिकला. स्टोइकांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाला विवेकबुद्धी आहे आणि ती सर्व माणसांना सारखी मिळालेली आहे. पैसा, पद, कीर्ती, शरीराचे आरोग्यसुद्धा आपल्या हातात नसते. आपल्या हातात असते ते फक्त आपले वागणे, म्हणून सद्गुण हीच खरी संपत्ती. जन्म कुठे झाला यावरून माणूस लहान-मोठा ठरत नाही.

सोतिऑन नावाच्या दुसऱ्या एका गुरूच्या प्रभावाने सेनेकाने सुमारे एक वर्ष मांसाहार सोडला होता. पण सम्राट टायबेरियसच्या काळात परदेशी पंथांवर सरकारची नजर वळली आणि मांस न खाणे हे अशा पंथाचे लक्षण मानले जाऊ लागले. वडिलांनी सांगितले आणि सेनेका पुन्हा मांस खाऊ लागला. गोष्ट छोटी आहे. पण पटलेली गोष्ट सत्तेची नजर वळताच सोडून देण्याचा त्याच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग आहे.

पुढे काही काळ तो इजिप्तमध्ये राहिला. त्याच्या मावशीचे यजमान तिथे रोमचे प्रांताधिकारी होते. भारतातला माल रोमला जायचा तो इजिप्तमार्गे. सेनेकाने भारतावर एक ग्रंथ लिहिला होता. तो आज उपलब्ध नाही, पण त्यात भारतातल्या ६० नद्या आणि ११८ लोकसमूहांची नोंद होती, असे प्लिनी सांगतो. त्याच शतकात आपल्या कल्याण आणि सोपारा बंदरांचा पश्चिमेशी व्यापार होता आणि कार्ल्याच्या लेण्यांतल्या खांबांवर यवन उपासकांच्या दानाचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे सेनेकाचे जग आपल्या धम्माच्या जगापासून फार दूर नव्हते.

हद्दपारी

सेनेका उत्तम वक्ता होता. ते वक्तृत्वच त्याच्या जिवावर उठले. सम्राट कॅलिगुलाला त्याचे सिनेटमधले भाषण खुपले आणि त्याने त्याला मारण्याचे ठरवले. हा आजारी आहे, लवकरच आपोआप मरेल, असे कोणीतरी सम्राटाला सांगितले म्हणून तो वाचला.

इ. स. ४१ मध्ये क्लॉडियस सम्राट झाला. त्याच्या राणीने, मेसालिनाने, राजघराण्यातल्या एका स्त्रीशी संबंध असल्याचा आरोप सेनेकावर ठेवला. त्याची रवानगी कोर्सिका बेटावर झाली. त्याच्या थोडे आधी त्याचा लहान मुलगा वारला होता. आठ वर्षे तो त्या बेटावर होता.

तिथून त्याने आईला एक पत्र लिहिले. माणूस कुठेही गेला तरी आकाश तेच असते आणि आपला सद्गुण आपल्याबरोबर येतो, अशा अर्थाचे ते धीराचे पत्र आहे. पण त्याच बेटावरून त्याने पॉलिबियस या क्लॉडियसच्या दरबारातल्या वजनदार अधिकाऱ्यालाही पत्र लिहिले. त्याचा भाऊ वारला होता, त्याचे सांत्वन हे निमित्त. त्यात सम्राटाची इतकी स्तुती आहे की वाचणाऱ्याला संकोच वाटावा. एकाच काळातली, एकाच माणसाची ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. आईला तो सांगतो की हद्दपारीत दुःख नाही. दरबाऱ्यापुढे तो सुटकेसाठी हात पसरतो. एकटेपणाने माणूस किती वाकतो हे ज्यांनी पाहिले आहे, ते यावर हसणार नाहीत. पण ते नजरेआडही करता येणार नाही.

राजपुत्राचा शिक्षक

मेसालिना मारली गेली आणि क्लॉडियसने अ‍ॅग्रिपिनाशी लग्न केले. तिला आपल्या पहिल्या लग्नाच्या मुलाला गादीवर बसवायचे होते. त्या मुलाचे नाव निरो. त्याच्यासाठी नामवंत शिक्षक हवा होता, म्हणून इ. स. ४९ मध्ये तिने सेनेकाला कोर्सिकाहून परत आणले. निरो तेव्हा सुमारे ११ वर्षांचा होता.

इ. स. ५४ मध्ये क्लॉडियस मेला. अ‍ॅग्रिपिनाने त्याला विष दिले असे प्राचीन इतिहासकार सांगतात. निरो १६ वर्षांचा असताना सम्राट झाला. क्लॉडियसच्या अंत्यविधीला निरोने जे गौरवाचे भाषण केले, ते सेनेकाने लिहून दिले होते. आणि मेलेला क्लॉडियस देवलोकात गेल्यावर त्याची कशी फजिती झाली, हे सांगणारी बोचरी विनोदी रचनाही सेनेकाच्याच नावावर आहे. ज्याची सार्वजनिक ठिकाणी स्तुती लिहायची, त्याचीच खासगीत टिंगल करायची. दरबारात टिकायचे तर दोन तोंडे लागतात, हे इथे दिसते.

तरीही न्यायाने बोलायचे तर पहिली काही वर्षे कारभार बरा चालला. सेनेका आणि अंगरक्षक दलाचा प्रमुख बुरुस या दोघांनी मिळून तरुण सम्राटाला आवरले. अ‍ॅग्रिपिनाने सुरू केलेले खुनांचे सत्र या दोघांनी अडवले, असे इतिहासकार तॅसिटस नोंदवतो. सिनेटला थोडा मोकळा श्वास मिळाला. सेनेका तिथे नसता तर ही माणसे वाचली नसती. सत्तेत जाणाऱ्या प्रत्येक सज्जनाचा हाच युक्तिवाद असतो आणि सेनेकाच्या बाबतीत तो सुरुवातीला खोटा नव्हता.

पण इ. स. ५५ मध्ये क्लॉडियसचा मुलगा ब्रिटानिकस मेजवानीत सगळ्यांसमोर कोसळला आणि मेला. तो निरोचा प्रतिस्पर्धी होता. निरोने विष दिल्याचे सगळीकडे बोलले गेले. यानंतर थोड्याच काळात सेनेकाने निरोसाठी क्षमाशीलतेवर ग्रंथ लिहिला. बलवान राजाने दया का दाखवावी, क्रूरतेने सत्ता कशी पोखरते, हे त्यात उत्तम मांडले आहे. आणि त्याच ग्रंथात, तुझ्या हातून अजून रक्त सांडलेले नाही, असे निरोला सांगितले आहे.

याच ग्रंथात त्याने एक गोष्ट सांगितली आहे, ती आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. गुलाम आणि नागरिक वेगळे ओळखता यावेत म्हणून गुलामांना वेगळा पोशाख सक्तीचा करावा, असा प्रस्ताव एकदा सिनेटमध्ये आला. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की असे केले तर गुलामांना आपली संख्या मोजता येईल. प्रस्ताव मागे पडला. शोषितांना आपली संख्या कळू नये, ही शोषकांची जुनीच काळजी आहे.

पैशाचा प्रश्न

सद्गुण हीच खरी संपत्ती म्हणणारा सेनेका साम्राज्यातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. इ. स. ५८ मध्ये सुइलियस नावाच्या जुन्या वकिलाने त्याला उघड प्रश्न केला की राजाशी चार वर्षांची मैत्री करून ३० कोटी सेस्टर्स मिळवायला कोणते तत्त्वज्ञान लागते. त्या काळी साध्या सैनिकाला वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत, यावरून या रकमेचा अंदाज यावा. सुइलियस स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, लोकांवर खटले भरून त्याने कमाई केली होती. पण त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. मिळाली ती हद्दपारी, आणि तीही त्याला.

सेनेकाने पुढे सुखी जीवनावरच्या आपल्या ग्रंथात या टीकेचा विचार केला आहे. ज्ञानी माणसाने संपत्ती बाळगायला हरकत नाही, फक्त तिचा गुलाम होऊ नये, असे त्याचे म्हणणे. आपण अजून ज्ञानी नाही, त्या वाटेवर आहोत, अशी कबुलीही तो देतो. कबुली प्रामाणिक वाटते. पण इतिहासकार दिओ कॅसिअस असाही आरोप नोंदवतो की ब्रिटनमधल्या लोकांना सेनेकाने ४ कोटी सेस्टर्स कर्जाऊ दिले होते आणि ते एकदम, सक्तीने वसूल केले. तिथे राणी बूडिकाच्या नेतृत्वाखाली जे मोठे बंड झाले, त्याच्या कारणांत तो या वसुलीचा उल्लेख करतो. आरोप पूर्ण खरा नसला तरी मूळ प्रश्न राहतो. तथागतांनी सम्यक आजीविका अष्टांगिक मार्गात घातली आणि माणसांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला. मनाने अलिप्त आहात का, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पैसा कुठून आला, हेही त्यांनी विचारले.

आईचा खून आणि एक पत्र

इ. स. ५९ मध्ये निरोने आपल्या आईला मारायचे ठरवले. समुद्रात मध्येच मोडेल अशी नाव तयार केली. नाव मोडली, पण अ‍ॅग्रिपिना पोहून किनाऱ्याला लागली. घाबरलेल्या निरोने रातोरात सेनेका आणि बुरुसला बोलावून घेतले. तॅसिटसच्या वर्णनानुसार दोघेही बराच वेळ गप्प होते. मग सेनेकाने बुरुसकडे पाहून विचारले की सैनिकांना मारण्याचा हुकूम देता येईल का. बुरुसने सांगितले की आपले सैनिक हे करणार नाहीत, ज्याने नाव बनवली त्यानेच काम संपवावे. आणि तसेच झाले.

त्यानंतर निरोच्या नावाने सिनेटला पत्र गेले. आईनेच कट केला होता आणि तो उघड झाल्यावर ती मेली, असे त्यात लिहिले होते. ते पत्र सेनेकाने तयार केले होते. लोकांनी निरोबद्दल बोलणेच सोडून दिले होते. बोल लागला तो सेनेकाला, की असा मजकूर लिहून त्याने गुन्ह्याची कबुलीच दिली.

त्या दिवशी सिनेटने देवांचे आभार मानण्याचे ठराव केले. थ्रासिया पिटस नावाचा एक सदस्य मात्र उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. पुढे इ. स. ६६ मध्ये त्याला मरावे लागले. तोही स्टोइकच होता. म्हणजे त्याच शिकवणीतून सभागृहाबाहेर जाण्याचे बळही येऊ शकत होते.

४०० गुलाम

इ. स. ६१ मध्ये रोम शहराचा प्रमुख अधिकारी पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. स्वातंत्र्याची किंमत ठरली होती आणि मालकाने शब्द फिरवला, असे एक कारण तॅसिटस देतो. जुना कायदा असा होता की घरात मालकाचा खून झाला तर त्या छपराखालच्या सर्व गुलामांना ठार करायचे. त्या घरात ४०० गुलाम होते. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती, म्हातारे होते आणि बहुतेकांचा खुनाशी काही संबंध नव्हता.

ही बातमी पसरताच रोमची सामान्य जनता रस्त्यावर आली. सिनेटमध्ये कॅसियस नावाच्या कायदेपंडिताने भाषण करून सांगितले की आपल्या घरात आता परदेशी वंशांचे गुलाम आहेत, भीतीशिवाय ते ताब्यात राहणार नाहीत, काही निर्दोष मेले तरी चालतील. सिनेटने शिक्षा कायम केली. लोकांनी दगड आणि मशाली हातात घेतल्या. तेव्हा निरोने वधाच्या जागेपर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा सैन्य उभे केले आणि ४०० जणांना मारण्यात आले.

त्या वर्षी सेनेका सत्तेत होता. दयेवरचा त्याचा ग्रंथ निरोच्या हाती जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती. तॅसिटसच्या या संपूर्ण वर्णनात सेनेकाचे नाव कुठेही येत नाही. बाजूने नाही, विरोधात नाही. नाव नसलेली गरीब माणसे दगड घेऊन गुलामांसाठी उभी राहिली आणि रोमचा सर्वांत मोठा नीतिकार इतिहासाच्या त्या पानावर नाहीच.

उशिरा लिहिलेली पत्रे

इ. स. ६२ मध्ये बुरुस मेला आणि त्याच्या जागी टिगेलिनस हा क्रूर माणूस आला. सेनेकाचे वजन संपले. त्याने निरोकडे निवृत्ती मागितली, सगळी संपत्ती परत घ्या असे सांगितले. निरोने गोड बोलून नकार दिला. सेनेका हळूहळू बाजूला झाला. भेटायला येणाऱ्यांची रांग त्याने बंद केली, शहरात येणे कमी केले. इ. स. ६४ च्या आगीनंतर निरो पैशासाठी देवळे लुटू लागला, तेव्हा सेनेकाने दूर खेड्यात जाण्याची परवानगी मागितली. तीही मिळाली नाही. मग विषाच्या भीतीने तो रानफळे आणि वाहते पाणी यांवर राहू लागला. रोममधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाला आपल्याच स्वयंपाकघरातले अन्न खाण्याची सोय उरली नव्हती.

याच तीन वर्षांत त्याने आपले उत्तम लेखन केले. लुसिलियस या मित्राला लिहिलेली त्याची १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. मोबाइलवर फिरणारे सुविचार बरेचसे याच पत्रांतले. आखाड्यात माणसे मारण्याचा खेळ पाहून आपण घरी आणखी निर्दय होऊन येतो, असे त्याने लिहिले. गर्दीत विवेक कसा हरवतो, हे त्याने सांगितले. त्याआधी रागावरच्या ग्रंथात त्याने एक सवय सांगितली होती. रात्री दिवा विझल्यावर दिवसभरातले आपले बोलणे-वागणे तपासायचे, काही लपवायचे नाही. भगवान बुद्धांनी राहुलला प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासायला सांगितले होते. फरक असा की बुद्ध कृतीच्या आधीही थांबायला सांगतात. सेनेका रात्री हिशेब करत होता, तोवर दिवस होऊन गेलेला असे.

४७ वे पत्र गुलामांवर आहे. गुलामही माणसेच आहेत, तुमच्याच आकाशाखाली श्वास घेतात, तुमच्यासारखेच जगतात आणि मरतात, असे तो लिहितो. मालक पोट फुटेपर्यंत जेवतो आणि गुलाम रात्रभर उपाशी, मुका उभा राहतो, खोकला किंवा शिंक आली तरी फटका खातो, हे चित्र तो उभे करतो. त्यांना जेवायला सोबत बसवा, म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वी हे लिहिणे लहान गोष्ट नव्हती.

पण नीट वाचले तर दिसते की हे पत्र मालकाने मालकाला लिहिले आहे. गुलामाशी तो बोलत नाही. गुलामी मोडा असेही म्हणत नाही. गुलामांना मालकाची भीती वाटू नये, आदर वाटावा, इथे तो थांबतो. वरच्याने दया दाखवावी ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. दयेची भाषा आणि हक्काची भाषा यांतले अंतर आपण बाबासाहेबांकडून शिकलो. गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी रोमन गुलामांची स्थिती तपशिलात मांडली आहे. रोममधला गुलाम कायद्याने माणूस नव्हता, तरी तो शिक्षक, वैद्य, लेखनिक होऊ शकत होता. अस्पृश्य कायद्याने गुलाम नव्हता, पण त्याला सगळे रस्ते बंद होते. ही मांडणी वाचल्यावर सेनेकाचे ४७ वे पत्र अधिक नीट कळते.

शेवट

इ. स. ६५ मध्ये पिसो नावाच्या सरदाराला पुढे करून निरोला मारण्याचा कट उघड झाला. सेनेका त्यात होता याचा पुरावा नव्हता, पण निरोला निमित्त पुरेसे होते. रोमपासून चार मैलांवरच्या घरी तो पत्नी पॉलिना आणि दोन मित्रांसोबत जेवत असताना सैनिकांनी घर वेढले. मरण्याचा हुकूम आला. मृत्युपत्र लिहू दिले नाही. तेव्हा आपल्या आयुष्याचे उदाहरण तेवढे तुमच्यासाठी ठेवून जातो, असे त्याने मित्रांना सांगितले. त्याने आणि पॉलिनाने हाताच्या शिरा कापल्या. तिला निरोच्या हुकमाने वाचवण्यात आले. म्हाताऱ्या, कृश शरीरातून रक्त नीट वाहेना म्हणून त्याने विष घेतले, मग कोमट पाण्यात उतरला आणि जवळ उभ्या गुलामांवर पाणी शिंपडून मुक्तिदात्या ज्युपिटरला तर्पण केले. अखेर वाफेने गुदमरून त्याने प्राण सोडला. वय सत्तरीच्या जवळ होते. तो शांतपणे मेला, हे त्याचे मोठेपण कोणी नाकारू नये.

पण त्याच कटात एपिकारिस नावाची एक स्त्री होती. ती पूर्वीची गुलाम. तिला चटके दिले, फटके मारले, अंगाचे सांधे निखळेपर्यंत छळले, तिने एक नाव सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा छळासाठी नेताना तिने स्वतःला गळफास लावून घेतला. सिनेटर आणि सरदार मात्र छळ सुरू होण्याआधीच मित्रांची नावे सांगत होते. सेनेकाचा पुतण्या, कवी लुकान, याने तर स्वतःच्या आईचे नाव सांगितले. एपिकारिसने कोणताही ग्रंथ लिहिला नाही, म्हणून तिचे नाव कोणाच्या स्टेटसला येत नाही.

या कटाची खबर निरोपर्यंत पोहोचवणाऱ्यांत एपाफ्रोडिटस हा त्याचा कारभारी होता. त्याच्याकडे एपिक्टेटस नावाचा एक लंगडा गुलाम होता. तो पुढे मुक्त झाला, निकोपोलिसमध्ये त्याने शाळा काढली आणि स्टोइक विचारांचा मोठा आचार्य झाला. शंभर वर्षांनी सम्राट मार्कस ऑरेलियस या गुलामाची शिकवण वाचून मन घडवत होता.

आपण काय घ्यायचे

सेनेका ढोंगी होता म्हणून फेकून द्यावा, असे आम्हाला वाटत नाही. राग, मृत्यू, वेळ, गर्दी यांबद्दल त्याने जे लिहिले ते अनुभवातून आलेले आहे. पण तो मालकवर्गातला होता, हे विसरून त्याला वाचू नये. सत्तेत जाऊन त्याने काही जीव वाचवले आणि नंतर पत्रही लिहून दिले, हे दोन्ही सोबत वाचावे.

सत्तेत जाणे चूक, असेही आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेब मंत्रिमंडळात गेले, पण कशासाठी जातो हे त्यांना स्पष्ट होते आणि हिंदू कोड बिलाचा प्रश्न आला तेव्हा १९५१ मध्ये राजीनामा देऊन ते बाहेर पडले. सेनेकाला बाहेरचा दरवाजा शोधायला आठ वर्षे लागली आणि तोवर तो बंद झाला होता. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी रोमचेच उदाहरण दिले आहे. प्लेबियन म्हणजे सामान्य लोकांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला, पण निवडलेला माणूस देवीला मान्य असावा लागे आणि देवीचे पुजारी वरच्या वर्गाचे. म्हणून प्लेबियनांमधून तोच निवडून येई जो वरच्यांना चालेल. आपल्यातला माणूस खुर्चीवर बसला की काम झाले, असे मानणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.

पदाचा निरोप आला तर कार्यकर्त्याने स्वतःला आणि वस्तीतल्या माणसांना काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. मी कोणत्या कामासाठी जातो. कोणत्या कागदावर मी सही करणार नाही. माझा खर्च कोण भागवतो. आणि ४०० जणांचा प्रश्न येईल तेव्हा मी कुठे उभा असेन. हे नंतर ठरवता येत नाही. त्या रात्री निरोने बोलावल्यावर ठरवायला बसलेल्या सेनेकाचे काय झाले, ते आपण पाहिले.

पुढच्या अभ्यासवर्गात आम्ही ४७ वे पत्र आणि ४०० गुलामांची हकिगत एकाच दिवशी वाचणार आहोत. तुमच्या विहारातही वाचून पाहा आणि मुलांना वाद घालू द्या.

जय भीम, नमो बुद्धाय.